मातेच्या होडीवरची नावं

२६ जुलै, रविवार
वारा आग्नेयेचा, हलका. पाणी शांत.

दुपारी एर्मिलाबाई घरी आली. जत्रा-समितीची अध्यक्षीण एवढ्या उन्हात स्वतः चालत येते, तेव्हा काहीतरी मोठंच असणार. तिच्या चपलांचा फटफटाट गल्लीच्या टोकापासून ऐकू येतो, म्हणून ती दारात पोचायच्या आत मी शर्ट घालून तयार होतो. बसली, सरबत प्यायली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाली, "एलिहिओ, यंदा मातेची होडी तुझी."

एकोणीस वर्षं वाट बघितली मी या वाक्याची. पंधरा ऑगस्टला मातेची मूर्ती समुद्रातून फिरवून आणायची, हा मान बेटावरच्या कप्तानाला आयुष्यात एकदाच मिळतो, आणि कितीतरी जणांना तोही नाही. माझी बायको फिदेलिया गेली त्या वर्षी माझी पाळी होती, पण सुतकामुळे गेली. आज मी जागच्या जागी हो म्हणालो. संध्याकाळी चर्चमध्ये मातेसमोर जाऊनही हो म्हणून आलो. तिथे दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

मेलिदा, माझी मुलगी, भांडी घासत होती. वाटलं, येऊन गळ्यात पडेल. ती नळ चालू ठेवून उभीच राहिली. आणि जावई काय म्हणाला? "कप्तान, नक्की ना?" नक्की ना म्हणे. चाळीस वर्षं सुकाणू धरलेल्या माणसाला हा विल्बर्ट विचारतो. त्याच्या मनात काय आहे ते मला कळत नाही असं नाही. बोट त्याला हवी आहे.

हल्लीची पेनं अगदीच टाकाऊ. शाई मधेच फिकी पडते. मेलिदाला जाड पेन आणायला सांगितलंय.

२८ जुलै, मंगळवार
वारा पूर्वेचा. लाट फूटभर.

आठ पाहुणे, सगळे जर्मन. मोठे ठिपक्यांचे मासे दाखवायला नेले. आम्ही त्यांना डोमिनोच म्हणतो. बसएवढं धूड, पण बिचारं तोंड उघडं टाकून नुसतं पाणी गाळत फिरतं. पाहुणे त्याच्या शेजारी पोहले, किंचाळले, बोटीवर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडले. मग लिंबात मुरवलेली मासळी, हबानेरो मिरचीच्या पैजा, एकाचं तोंड टोमॅटोसारखं झालं. लोकांना असं खूश बघितलं की अजूनही मजा येते.

पण आता विल्बर्ट रोज बरोबर येतो. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा राहतो आणि डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत बसतो. आज म्हणे डोमिनो अगदी माझ्या समोर होता आणि मी त्याच्यावर चाललो होतो. एवढं बसएवढं जनावर मला दिसणार नाही? ऊन पाण्यावरून उसळत होतं, त्यात कोणाला काय दिसणार.

येताना खडकांच्या रांगेतून आत यायची वाट लागते. ती वाट माझ्या बापाने मला शिकवली: चर्चचा मनोरा आणि त्याच्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत आणायची, की बोटीचं नाक थेट वाटेत. यंदा त्या गवंड्यांनी मनोऱ्याचा गिलावा बिघडवून ठेवलाय. मधेच वाकडा झालाय मनोरा. एर्मिलाला सांगायला हवं.

३१ जुलै, शुक्रवार
बोट बाहेर काढली नाही. उन्हाळी ढग.

चर्चच्या पटांगणात जत्रेची तयारी बघायला गेलो. तेल लावून चढायचा खांब उभा करत होते. मी म्हटलं, अरे वाकडा रोवलाय. पोरं हसली. एर्मिलाला मनोऱ्याचं सांगितलं तर ती माझ्याशेजारी बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "मनोरा सरळ आहे, एलिहिओ." मी म्हटलं, तुला चष्मा लागलाय, बाई. ती नेहमी अशा वेळी चार शब्द सुनावते. आज नुसता माझा खांदा थोपटून निघून गेली. वय झालं तिचंही.

परत येताना भाड्याच्या गोल्फच्या गाडीतून भटकणारे कोणी पाहुणे अंगावरच आले. मी त्यांना झापलं. ते म्हणतात, आम्ही तर थांबलेलो होतो.

२ ऑगस्ट, रविवार
वारा नाही.

लिहायला बसलोय खरा, पण तीनदा पेन खाली ठेवलं.

खडकांपाशी स्नॉर्कलिंगला आठजण उतरले होते. वर येताना मी एकेकाचा हात धरून आत घेतलं. बडबड चालली होती, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या. मागे वळून पाणी बघितलं. मोकळं होतं. इंजिन चालू केलं आणि मागे घेणार, तोच विल्बर्ट नाळेवरून माझ्या अंगावर झेपावला आणि त्याने इंजिनची लाल दोरी खेचली. इंजिन बंद पडलं. मी त्याला शिवी घातली.

ती बाई बोटीच्या मागेच होती. इंजिनच्या पंख्यापासून दोन हातांवर. चष्मा कपाळावर घेऊन माझ्याकडे बघून हसत होती म्हणे, चला वर घ्या म्हणून हात पुढे केला होता तिने.

मी तिच्यावरच ओरडलो. करड्या रंगाचा कपडा घालून कोण पोहतं, पाण्यात मिसळून जातो. ती रडायला लागली. विल्बर्टने तिला वर घेतलं. बोट त्यानेच आणली आणि मी आणू दिली.

मी बघितलं होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी नीट तिथेच बघितलं होतं, आणि तिथे कोणी नव्हतं.

३ ऑगस्ट, सोमवार

विल्बर्टने मेलिदाला सांगितलंच. ती सकाळी येऊन समोर बसली. म्हणाली, फेरीबोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊ, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू, एका दिवसाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, दाखवू, पंधरा तारीख झाली की. ती म्हणाली, पंधराच्या आधी. मी म्हटलं, तुम्ही नवराबायकोने ठरवूनच टाकलंय ना मला खाली बसवायचं? डॉक्टर एक कागद लिहून देईल आणि बंदर-कचेरीवाले माझा परवाना काढून घेतील, मग बोट कोणाची? ती उठून गेली. वाईट बोललो. पण बोललो.

दुपारी घरात कोणी नसताना एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. खोटं कशाला लिहू. कॅलेंडरच्या कडा दिसतात. खिळा दिसतो. मधली तारीख जाते. बघायला जावं तिथेच बोटाचा डाग पडल्यासारखं होतं, आणि डोळा हलवला की डागही हलतो. इस्टरपासून आहे हे. आधी वाटलं उन्हामुळे.

होडीत अकरा माणसं असणार. मला ठाऊक आहे. पण वाट मी डोळे मिटून काढेन. वारा गालावर कुठे लागतो, लाट बोटीला कुठे ढकलते, हे कोणी डोळ्यांनी बघतं का? एक फेरी. फक्त एक. मग जाईन डॉक्टरकडे, परवानाही देईन हवा तर. मातेला हो म्हणून आलोय, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

७ ऑगस्ट, शुक्रवार
वारा पूर्वेचा, जरा जोर आहे. बोट विल्बर्ट घेऊन जातो. मी पाठदुखी सांगितलीय.

मेलिदाचा राग गेला. डॉक्टरचं नाव काढत नाही. उलट रोज संध्याकाळी होडीवरच्या अकराजणांची यादी क्रमाने म्हणून दाखवते: पाद्री, एर्मिला, सनईवाला, निकासिओ कप्तानाचा भाऊ, असं करत शेवटी दोन फुलवाल्या मुली, आधी बेकरीवाल्याची रोमिना आणि मग आमची यारेत्सी. मी म्हटलं, माझं डोकं शाबूत आहे, पाठ कशाला करून घेतेस? म्हणाली, चुकायला नको, बाबा.

ते खरं आहे. चुकून चालतच नाही. होडीत चढण्याआधी एकेकजण धक्क्यावर कप्तानासमोर येऊन उभा राहतो, तोंडातून चकार शब्द काढत नाही, आणि कप्तान त्याच्या डोक्याला हात लावून मोठ्याने नाव घेतो. ज्याचं नाव चुकलं तो चढत नाही. माझ्या आजोबांच्या वेळी एक होडी वादळातून परत आली, कप्तानाने मुंडकी मोजली, बरोबर भरली. संध्याकाळी कळलं की एक मुलगा राहिला होता आणि दुसऱ्या होडीतला एक यात आला होता. तेव्हापासून आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, ओळखतात.

माणसंही यंदा फार प्रेमाने वागतात. मान मिळाला की असं होतं बहुतेक. यादीतला जो तो घरी येऊन जातो आणि हात हातात घेऊन चांगला दाबतो. सनईवाल्याच्या बोटांना घट्टे आहेत. पाद्र्याचा हात ओल्या पावासारखा. निकासिओच्या भावाला दोन बोटं नाहीत, त्याने तर माझा हात सोडलाच नाही. आणि स्वतः निकासिओ म्हणतो, मी माझी बोट नारिंगी ताडपत्री लावून तुझ्या पुढे चालवणार. मी म्हटलं, मातेच्या पुढे कोणी जातं का? म्हणाला, यंदा समितीने परवानगी दिली. समितीने काय काय परवानग्या द्यायला घेतल्यात कोण जाणे.

११ ऑगस्ट, मंगळवार

यारेत्सी सहा वर्षांची आहे, पण तिच्याइतकं मन लावून कोणी काही करत नाही. एर्मिलाने मुलींना बजावलंय की होडी परत येईपर्यंत जी बोलेल तिच्यामुळे मातेला राग येईल. तर बाई चार दिवस आधीपासून गप्प बसायचा सराव करते आहे. जेवताना मीठ हवं असेल तर बोट दाखवते.

आज जेवायला बसलो. केळीच्या पानात भाजलेला मासा होता, लाल वाटणाचा. मी म्हटलं, मासा गार होतोय, यारेत्सी कुठे राहिली? पुन्हा विचारलं. तेव्हा समोरूनच टेबलावर चमचा आपटल्याचा आवाज आला. पोरगी पहिल्यापासून माझ्या समोर बसलेली होती. मी हसलो, म्हटलं, चेष्टा केली ग तुझी. विल्बर्ट जेवण सोडून बाहेर गेला.

मला झोप लागत नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
वारा पूर्वेचा, मध्यम. उद्याही असाच राहील.

दुपारपासून पटांगणात जत्रा. बँड, भाजलेली कणसं, पाळणे. पाहुण्यांनाही नाचात ओढलं होतं. डोक्यावर पाण्याचा ग्लास ठेवून नाचायची शर्यत, त्यात एक उंच गोरा माणूस शेवटपर्यंत टिकला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. खांबावर कोणी चढलं तेव्हा गर्दीच्या आवाजावरून मला कळत होतं किती वर गेला ते. मीही ओरडलो. जो भेटेल तो कप्तान, कप्तान करत होता. मी प्रत्येकाला नावाने हाक मारली, जो बोलला त्याला.

मग विल्बर्टने मला पाळण्यांच्या मागे नेलं. म्हणाला, "उद्या नावं तुम्हीच घ्या. सुकाणू माझ्याकडे द्या. कोणाला कळणार नाही, मी तुमच्या मागे बसेन."

मी म्हटलं, "आठ वर्षं माझ्या बोटीवर उभा आहेस. एवढी घाई झाली?"

"मला बोट नको," तो म्हणाला. "त्या बाईला मी बघितलं म्हणून ती आज घरी आहे. उद्या त्या होडीत माझी बायको आहे आणि मुलगी आहे."

मी त्याला म्हटलं, तुझी मुलगी माझी नात आहे. तिला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो. आणि निघून आलो.

या पोराचा आवाज आज बापासारखा वाटला, जावयासारखा नाही. हे मला आवडलं नाही. लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

१५ ऑगस्ट, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणारच नाही.

सकाळी नऊला माता चर्चमधून निघाली. धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं, पाहुणेही. फटाके, बँड, मग एर्मिलाने घंटा वाजवली आणि सगळं थांबलं. मी पांढरा शर्ट घालून होडीच्या कडेला उभा. पहिला पाद्री आला. मी डोक्याला हात लावायला उचलला तर त्याने आधी माझाच हात धरून दाबला, तो ओला पाव. मी नाव घेतलं. एर्मिलाची अंगठी टोचली. सनईवाल्याचे घट्टे. निकासिओच्या भावाची तीन बोटं. प्रत्येकाने हात दाबला, एकानेही चुकवलं नाही. सहावा माणूस झाला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हे प्रेम नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. माझ्या मुलीने घरोघर जाऊन ठरवलंय. अख्ख्या बेटाला माहीत होतं आणि मला वाटत होतं की फक्त मला माहीत आहे.

लाज वाटली. पण खोटं नाही लिहिणार, सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, चला, जमतंय. विल्बर्टचा हात आला, त्याचं नाव घेतलं. मेलिदाचा हात आला. बर्फासारखा गार होता. तिचं नाव घेतलं, ती होडीत गेली.

राहिल्या दोन मुली. क्रम पाठ होता. पुढे एक लहान पांढरा झगा आला, डोक्यावर फुलं. तिने माझा हात धरला नाही. लहान मुलींना कोण असलं काही सांगेल, त्या सगळ्या गावाला सांगत सुटतील. मी डोक्याला हात लावला. हाताला फुलंच लागली. मी मोठ्याने म्हटलं, "रोमिना."

झगा हलला नाही. धक्का इतका शांत की पाणी खांबांवर आपटलेलं ऐकू येत होतं. मला वाटलं पोर बुजली. मग ती वळली आणि धक्क्यावरून मागे चालू लागली, हळूहळू, लोकांच्या मधून.

तोवर दुसरा झगा पुढे आला होता. मी हसून म्हटलं, "आणि ही माझी यारेत्सी."

तीही हलली नाही. तिची एक चप्पल हातात होती, पट्टा तुटलेला. चप्पल दिसली मला, कडेने दिसतं. चपलेसाठी थांबली असणार आणि दुसरी तिच्या पुढे आली असणार. माझी यारेत्सी असती तर नाव घेतल्यावर होडीत उडी मारली असती. मग परत गेली ती कोण?

मी विचारलं नाही. विचारून कोणी सांगणार नव्हतं, नियमच तसा आहे. सहा वर्षांच्या मुलीला आजोबांनी सगळ्या बेटासमोर दुसऱ्याच्या नावाने हाक मारली, आणि तिने तोंड मिटून नियम पाळला. तिला ओरडता आलं असतं, आजोबा मी आहे म्हणून. ओरडली नाही. पुढे खडकांच्या वाटेत कोणी पोहत असता तर तोही ओरडला नसता, कारण त्याला वाटलं असतं की कप्तान बघतोय.

मी डोक्यावरची टोपी काढली. मोठ्याने म्हटलं, म्हणजे मातेलाही ऐकू जावं, "मी माझी नात ओळखली नाही. मी होडीत चढणार नाही. विल्बर्ट, सुकाणू घे. नावं पुन्हा घे सगळ्यांची."

मेलिदा उठली, होडी हलली त्यावरून कळलं. मी म्हटलं, बस खाली, तुझं नाव यादीत आहे. विल्बर्टने नावं घ्यायला सुरुवात केली. त्याचा आवाज फुटत होता, पण उरलेली नऊही नावं बरोबर घेतली. रोमिनाचंही. मी तोवर लोकांमधून चाललो होतो. लोक बाजूला होत होते.

ती धक्क्याच्या सुरुवातीला, जाळी वाळत घालतात त्या भिंतीवर बसली होती. मी शेजारी बसलो. म्हटलं, यारेत्सी. उत्तर नाही. होडी अजून परत यायची होती ना. मी म्हटलं, तू होडीत नाहीस, मीही नाही, आपल्या दोघांना नियम नाही. मग बोलली.

"तुम्ही मला रोमिना म्हणालात."

"हो. मला दिसलं नाही."

"मी एवढी जवळ होते."

"जवळचंच दिसत नाही ग. तुझं तोंड दिसत नाही मला. इस्टरपासून."

हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी मोठ्याने सांगितलं. वाटलं होतं ती घाबरेल. तिने फक्त विचारलं, मग होडी दिसते का? मी म्हटलं, पांढरं काहीतरी हलतंय, तेवढं. ती म्हणाली, मी सांगते. आणि सांगत राहिली, सराव करून साठलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर पडल्यासारखी. बाबा उभे आहेत. पुढे नारिंगी बोट आहे. आता सगळ्या बोटी मागे लागल्या. माता जरा तिरकी झाली, निकासिओच्या भावाने धरली. आता खडकांपाशी आले.

विचारलं, मनोरा आणि टाकी एका रेषेत दिसतात का? ती म्हणाली, ती आपल्या मागे आहेत, आजोबा. मला हसू आलं आणि रडूही.

"गेले का वाटेतून?"

"गेले. सगळे गेले." मग म्हणाली, "सगळे फुलं टाकतायत. आई टाकतच नाहीये. ती मातेकडे पाठ करून बसलीय, मघापासून आपल्याकडेच बघतेय."

मी हात वर करून हलवला. कुठल्या दिशेला हलवू, ते यारेत्सीने माझं कोपर धरून दाखवलं.